बाराव्या भागात त्यांनी काय केलं

अकरा रविवार मी त्या दोघांना दिले. दुपारचं जेवण झाल्यावर, वर्कशॉपला कुलूप लावून, फोन बंद करून. आणि बाराव्या भागात त्या मालिकावाल्यांनी मला फसवलं. मला फसवून गेलेले लोक फार थोडे आहेत आणि त्यांतला एकही मी विसरलेलो नाही.

मी लातूरला लोखंडी खाटा बनवून विकतो. या शहरात क्लासेसचं पीक आलं तेव्हा लोकांनी प्लॉट घेतले, इमारती उठवल्या. मी एवढंच पाहिलं की बाहेरगावाहून येणारं प्रत्येक लेकरू रात्री कशावर तरी झोपणार आहे. तेव्हापासून हॉस्टेलवाले माझ्याकडे येतात, भाव पाडायला बघतात, चहा पिऊन माझ्याच भावात खाटा घेऊन जातात.

मालिका सापडली ती अशाच एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये. खाटा उतरवत होतो, तर जिन्यात दोन मुली मोबाइलवर डोळे पुसत बसलेल्या.

“काय झालं गं? टेस्टमध्ये मार्क कमी पडले का?”

“नाही काका, ते दोघं भांडले.”

मी वाकून पाहिलं. दोघंही पुरुष होते. मुलींनी मोबाइल झाकला नाही, मी पडद्यावरचं नाव वाचून घेतलं. घरी येऊन मी ती मालिका शोधली.

पूर्वेकडच्या कुठल्याशा देशातली, हिंदीत बोलणारी. एक होड्या दुरुस्त करणारा, उंच, मोजकं बोलणारा. दुसरा शाळामास्तर. दोघांचं एकमेकांवर प्रेम, बस. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं, कुणी साडी नेसून कंबर हलवत नव्हतं. आमच्या तरुणपणी असा माणूस पडद्यावर आला की लोकांना हसवायलाच यायचा. इथे ते दोघं भाजी चिरत होते, छपरातलं गळतं पाणी बादलीत धरत होते. पन्नाशी ओलांडल्यावर मी हे पहिल्यांदा बघत होतो.

पहिला भाग त्याच रात्री एकट्याने पाहिला. मग रविवारी तो पुन्हा लावला आणि अक्काला बोलावलं.

अक्का माझी थोरली बहीण. भूकंपात तिचं सासर गेलं, नवऱ्यासकट सगळं. ती त्या दिवशी माहेरी, रेणापूरला होती म्हणून राहिली. आईवडील आधीच गेलेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. तीस वर्षांत मी तिला एक गोष्ट सांगितलेली नव्हती, आणि ती मालिकेने सांगावी असा माझा डाव होता.

हा डाव कसा सुचला ते सांगितलं पाहिजे. खाटांच्या आधी मी बैलबाजारात दलाल होतो. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात, कुणाला काही दिसत नाही. या धंद्यात माझा एकच नियम होता: पहिला आकडा मी सांगत नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, मग आपण. या नियमावर मी घर बांधलं. म्हणून अक्कापुढेही पहिला आकडा मालिकेने सांगावा, मग मी बोलेन, असं ठरवलं होतं.

काम जमत आलं होतं. पहिले दोन भाग अक्का त्यांना मावसभाऊ समजत होती. चौथ्या भागात होडीवाल्याने मास्तरचा मुका घेतला, तेव्हा ती शेंगा फोडता फोडता थांबली, म्हणाली, “बाहेरदेशी आसंच आसतंय,” आणि पुन्हा फोडायला लागली. सातव्या भागापासून तीच मला हाक मारायची, “आप्पा, ये की, तुजा होडीवाला आला.” मास्तर त्याच्याशी वाकडं बोलला की तिला राग यायचा. “उंचका गुणाचा हाय. ह्यो मास्तरडाच भित्रा हाय.”

अकराव्या भागात मास्तरच्या आईने दोघांना एकाच ताटात वाढलं. अक्काने पदर डोळ्याला लावला. मी मनात ठरवलं, पुढच्या भागात या आईने दोघांच्या डोक्यावर हात ठेवला की टीव्ही बंद करायचा आणि अक्काला सांगायचं. कसं सांगायचं तेही ठरलं होतं: अक्का, तो अर्धापूरचा आठवतो का?

अक्काला तो आठवणारच. आमच्या रेणापूरच्या घरी तो महिन्यातून चार दिवस असायचा. त्याच्या घरी केळीची बाग होती, पण याला जनावरांचा नाद. पहिली भेट बाजारातच झाली, रुमालाखाली. तो घेणाऱ्याचा दलाल, मी देणाऱ्याचा. सौदा ठरला तरी त्याने हात सोडला नाही. रुमालावरून माझ्याकडे बघत म्हणाला, “तुमचा हात लई गरम हाय हो. ताप हाय का?” मी म्हणालो, “बैल तुमचा झाला, हात न्हाई झाला.” तो इतका हसला की बैल बिथरला.

पुढे तीन वर्षं आम्ही बाजारामागून बाजार केले. एका लॉजवर राहिलो, एका डब्यात जेवलो. आणि भर बाजारात, शेकडो माणसांत, आम्ही हातात हात घेऊन उभे राहायचो. सौदा नसला तरी. रुमाल असला की कुणी विचारत नाही.

शेवटचा हात माळेगावच्या जत्रेत दिला. त्या दिवशी त्याने रुमालाखाली माझा पंजा धरला आणि नुसता धरून ठेवला. बोट दाबलं नाही, मूठ केली नाही. मी म्हणालो, “किती?” पुन्हा विचारलं, “आरे, किती म्हणतूस?” तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, गडी मला खेळवतोय, मी आधी बोलावं म्हणून अडून बसलाय. माझं डोकं फिरलं. मी हात हिसडला, रुमाल ओढून घेतला आणि चालू पडलो. महिन्याने कळलं, त्याचं लग्न ठरलेलं होतं. भूकंपातून उरलेली कुणी मुलगी आहे, एवढंच कानावर आलं. त्याने ते मला सांगितलं नाही, याचा राग मी तीस वर्षं धरला.

आठेक वर्षांपूर्वी तो लातूरला आला होता, बायकोबरोबर, मुलीला मेडिकलचा क्लास लावायला. खोली भाड्याने घेतली होती, खाट पाहिजे होती. केस पांढरे, पोट सुटलेलं. मला बघून दचकला, पण बायको शेजारी होती. म्हणाला, “शेठ, काही कमी करा की.” आम्ही तोंडाने भाव केला, साऱ्या दुकानासमोर. मी एक रुपया सोडला नाही. खाट टेम्पोत चढली आणि तो गेला.

तर बारावा भाग. मास्तरची आई आजारी पडते. अंथरुणातून म्हणते, मला सून बघायची आहे. जी आई आठवड्यापूर्वी दोघांना एका ताटात वाढत होती तीच! मास्तर मान खाली घालतो. लग्न होतं. मग पडद्यावर अक्षरं येतात, पाच वर्षांनंतर. धक्क्यावर दोघं भेटतात. मास्तरच्या कडेवर मूल. होडीवाला विचारतो, नाव काय ठेवलंस? मास्तर म्हणतो, तुझंच. होडीवाला हसतो, मागे व्हायोलिन वाजतं आणि संपलं.

नाव दिलं म्हणे. तीस वर्षांच्या मोबदल्यात एक नाव. त्या होडीवाल्याने ते घेतलं, वर हसला! मी असतो तर त्या धक्क्यावरून मास्तरला पाण्यात ढकललं असतं. नंतर मी मालिकेखाली लिहिलंसुद्धा: तुम्ही अकरा भाग एक जनावर दाखवलं आणि दावणीला दुसरंच बांधलं. त्यावर कुणा पोराने उत्तर दिलं, “अंकल, एंडिंग रिअलिस्टिक आहे.” खरं काय असतं ते मला माहीत होतंच. ते घरबसल्या बघायला बारा रविवार कशाला घालवले असते?

पण हे सगळं नंतरचं. व्हायोलिन संपलं तेव्हा अक्का डोळे पुसत होती. म्हणाली, “लई चांगला शेवट केला बघ. आईचं मन राखलं पोरानं.”

“काय चांगलं केलं?” माझा आवाज चढला. “त्या होडीवाल्याचं काय?”

“त्येला काय झालं? धंदा हाय, घर हाय. खाऊन पिऊन सुखी हाय.”

“एकटा हाय तो!”

“आरडू नगंस. शेजारी ऐकत्यात.”

“ऐकू दे! अक्का, तो अर्धापूरचा...”

वाक्य पुरं झालं नाही. अक्काने शेंगांची टोपली बाजूला ठेवली आणि टरफलं मांडीवरून झटकली.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “मला पैल्यापासनं ठावं हाय.”

मी रिमोटने टीव्ही बंद केला. दाराबाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

“त्येची बायकू माज्या चुलतसासऱ्याची पोर,” अक्का म्हणाली. “घरातली सगळी गेली, ती एकली पत्र्याच्या शेडात ऱ्हायली हुती. मीच अर्धापूरला गेले. त्येच्या आईला भेटले, मग त्येला. म्हणलं, ह्या पोरीला कुणी न्हाई. तू न्हाई म्हणलास तर ती कुठं जाईल?”

“मला कामून सांगितलं न्हाई?”

“तुला? तू अंगावर धावून येतूस. तो ऐकणारा हुता. म्हणला, अक्का, एकदा त्येला इचारतो. तो थांब म्हणला तर मी थांबंन.” तिने माझ्याकडे पाहिलं. “तू काय म्हणलास ते मला न्हाई ठाऊक. परत आला आन् हाव म्हणला.”

मी काय म्हणालो होतो ते मला ठाऊक होतं. मी म्हणालो होतो, किती.

“लोक बोलायला लागले हुते, आप्पा. माझं सगळं मातीखाली गेलं हुतं. तू तेवढा हुतास. तुला कुणी दगड मारला आसता तर मी कुठं गेले आसते? आन् ती पोर सुखात हाय. तुजं बी घर उभं राहिलं. कुणाचं वाईट झालं सांग.”

मला सांगता आलं असतं. पण ती मुलगी शेडमध्ये एकटी होती हे खरं होतं, अक्काचं कुणी उरलं नव्हतं हेही खरं होतं. मी रिमोट भिंतीवर फेकला. त्याचे सेल पलंगाखाली गेले. अक्काने वाकून ते काढले, पुन्हा बसवले आणि चहा टाकायला उठली. तो चहा मी प्यायलो नाही.

पुढच्या रविवारपर्यंत आम्ही मीठ, गॅस, लाइटबिल एवढंच बोललो. त्या दिवशी जेवण झाल्यावर मी टीव्हीसमोर गेलो. आमच्या टीव्हीवर धूळ बसू नये म्हणून अक्का एक लाल काठाचा रुमाल टाकते. तो माझाच, बाजारातला, माळेगावहून मी ओढून आणलेला. जुन्या कपड्यांतून तिने तो कधी काढला आणि टीव्हीवर घातला, मी कधी विचारलं नव्हतं. मी तो उचलला तेव्हा तिला वाटलं, मी नवी मालिका लावतोय. ती शेंगांची टोपली घेऊन आली, भिंतीला टेकून बसली.

“कुठली लावतूस?”

मी रुमालाची घडी केली, माझ्या कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि वर्कशॉपला निघून गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा टीव्हीवर तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, चारी बाजूंनी नीट दुमडलेला. ताट वाढलेलं होतं. ती समोर बसली, मी जेवलो. भाजीत मीठ कमी होतं, ते मी सांगितलं नाही.