राजाच्या धाकट्या लेकीचं नाव

माझ्या सासऱ्यांना इंग्लंडमध्ये मनापासून आवडलेला एकुलता एक इंग्रज सातशे वर्षांपूर्वी मेला होता. जिवंत इंग्रजांबद्दल त्यांचं मत बेताचंच होतं. हे लोक चहात दूध वरून ओततात आणि साबण लावलेली भांडी पाण्याखाली न धरता तशीच पुसतात, एवढ्यावर त्यांनी त्यांचा निकाल लावला होता.

हा जो आवडता इंग्रज, तो राजा होता. त्याचं नाव मी सांगत नाही. या आठवणीत मी कोणाचंच नाव सांगणार नाही, आणि का ते पुढे कळेलच.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. माझा नवरा बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होता. सासूबाई गेल्यानंतर सासरे दर एप्रिलमध्ये पुण्याहून आमच्याकडे यायचे आणि ऑक्टोबरात परत जायचे. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, घरी बसवत नसे. चालत जाण्याजोगी लायब्ररी होती. तिथल्या ऊब देणाऱ्या रेडिएटरजवळची खुर्ची त्यांनी पहिल्याच आठवड्यात काबीज केली, आणि त्या खुर्चीवरून हात पोचेल त्या कपाटात इंग्लंडचे राजे होते. ते कपाट बागकामाचं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

एकामागून एक राजे वाचून ते संध्याकाळी मला स्वयंपाकघरात त्यांचा अहवाल द्यायचे. हा बायकोला कैदेत टाकणारा, तो भावाच्या जिवावर उठलेला. मी कणीक मळत ‘हो का’ म्हणायचे. मग एक दिवस हा राजा आला आणि सासरे त्याच्यापाशी जे थांबले ते थांबलेच. मिसरूड फुटायच्या वयात त्याचं लग्न झालं, स्पेनच्या राजघराण्यातल्या त्याहून लहान मुलीशी. “आपल्याकडच्यासारखंच की,” ते खूश होऊन म्हणाले. ती त्याला कधी सोडून राहिली नाही. तो धर्मयुद्धाला पार पॅलेस्टाइनपर्यंत गेला तर ही बरोबर गेली आणि तिकडेच बाळंत झाली. मुलं इतकी झाली की नक्की किती यावर इतिहासकारांचंही एकमत नाही, आणि त्यातली बहुतेक लहानपणीच गेली. शेवटचा मुलगा वेल्समध्ये, अर्धवट बांधलेल्या किल्ल्यात जन्मला. तोच पुढे गादीवर बसला आणि त्याने सगळ्याची माती केली.

राणी लंडनपासून दूर वारली. तिचा देह राजधानीला आणताना वाटेत जिथे जिथे मुक्काम पडला तिथे तिथे राजाने नंतर एकेक उंच दगडी क्रॉस उभारला, नक्षीचा, वर राणीच्या मूर्ती कोरलेला. आता त्यातले तीनच उरलेत. हे सांगताना सासरे भाजी निवडायला म्हणून समोर घेतलेली मेथी तशीच हातात धरून बसले होते.

मला तो राजा मुळीच आवडला नाही. मीही थोडंफार वाचलं होतं. वेल्स त्याने गिळलं, स्कॉटलंडला आयुष्यभर छळलं, ज्यूंना देशाबाहेर हाकललं. शेजारच्या वेल्श बाईंसमोर त्याचं कौतुक करू नका, असं मी सासऱ्यांना बजावलंसुद्धा. “नवरा म्हणून चांगला होता, एवढंच म्हणतोय मी,” ते म्हणाले.

आता नवरा म्हणून सासरे कसे होते, ते सांगते. वाईट नव्हते. पण त्यांनी सासूबाईंना आयुष्यात नावाने हाक मारली नाही. ‘अगं’, ‘ऐकलंस का’, फार झालं तर मुलाकडे बघून ‘तुझ्या आईला सांग’. गंमत अशी की ते नाव त्यांनीच निवडलं होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी आपल्याकडे पद्धत. घरच्यांनी सुचवलेली दोन-तीन नावं बाजूला सारून त्यांनी भलतंच, स्वतःच्या मनातलं नाव लिहिलं. सगळे बघतच राहिले. उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र लाजून गप्प बसले. मोठ्या घरात वडीलधाऱ्यांसमोर बायकोला नावाने कशी हाक मारायची, म्हणून सुरुवातीला मारली नाही, आणि पुढे वडीलधारे गेले तरी सवय राहिली. सासूबाईंनीच हे मला हसत हसत सांगितलं होतं. म्हणाल्या, “इतकं छान नाव दिलं, आणि वापरायला म्हणून काढलं नाही कधी.” हसत होत्या, पण मला वाईट वाटलं ते वाटलंच.

त्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. नवऱ्याने आईचंच नाव ठेवायचं ठरवलं. मीही लगेच हो म्हटलं. पुण्याला फोन करून सांगितलं तर पलीकडून सासरे म्हणाले, “ठेवा.” आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. ट्रंककॉलची लाइन गेली असेल असं आम्हाला वाटलं. आम्ही दोघं शिकलेली, शहाणी माणसं, पण आजीचं नाव नातीला ठेवलं की घरात त्या नातीला हाक मारायला दुसरं नाव लागतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पुण्यात असतो तर कोणीतरी बजावलं असतं. इथे कोण सांगणार?

मला स्वतःला सुरुवातीला जड गेलं. सासूबाईंच्या नावाने ‘नाक पूस’ म्हणायचं म्हणजे जीभ अडखळायची. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मजाही यायला लागली. सासऱ्यांना मात्र ते जमलं नाही. ते तिला ‘बाळ’ म्हणत, ‘अगं चिमणे’ म्हणत, बुटाच्या नाड्या बांधून देत, शाळेत सोडायला जात. नाव तेवढं टाळत.

मुलगी पाच वर्षांची झाल्यावर, सप्टेंबरात एका सकाळी, कॉर्नफ्लेक्स खाताखाता मला म्हणाली, “ममी, आजोबांना माझा नाव माहीत नाही.” मी हसून म्हटलं, असं कसं होईल? ती म्हणाली, “ही नेव्हर सेज इट. एकदा पण नाही. आय थिंक ते विसरले.” तक्रारीचा सूर नव्हता. शाळेत एखाद्या मुलाकडे पेन्सिल नसल्याचं सांगावं तसं सांगत होती. मी मागे बघितलं तर सासरे पेपर हातात घेऊन दारात उभे होते. कोट न घालताच लायब्ररीत गेले.

महिनाभरात त्यांना पुण्याला परतायचं होतं. पुढच्या वर्षी तब्येतीने साथ दिली तर येणार, नाहीतर नाही. माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं, की नातीच्या मनात आजोबा म्हणजे आपलं नाव माहीत नसलेला माणूस एवढंच उरणार. मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, काय बोलू? बापाला कसं सांगायचं, हे त्यालाही कळेना.

त्याच आठवड्यात सासऱ्यांना कळलं की राजाने म्हातारपणी दुसरं लग्न केलं होतं, फ्रान्सच्या राजाच्या कोवळ्या बहिणीशी. दोन दिवस ते राजाशी अबोला धरल्यासारखे वागले. तरी रविवारी आपण त्या तीन क्रॉसपैकी एक बघायला जाऊ, असं नवऱ्याने म्हटल्यावर तयार झाले.

नॉर्थॅम्प्टनशायरमधलं छोटंसं खेडं. तीन रस्ते मिळतात तिथे मधोमध तो क्रॉस उभा, तीन बाजूंचा, जवळच चर्च. मी तिखटामिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या, नवरा थर्मासमधला चहा ओतत होता. कुत्रा घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी थांबून सासऱ्यांना विचारलं, नात गोड आहे हो तुमची, काय नाव तिचं? सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगीच बाईंना म्हणाली, “ही डझन्ट नो,” आणि स्वतःच आपलं नाव सांगून टाकलं. बाई हसून पुढे गेल्या. मुलगी क्रॉसच्या पलीकडे खेळायला पळाली. मला त्या क्षणी सासऱ्यांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघून तितकीच दयाही आली.

ते क्रॉसच्या दगडी पायरीवर बसले. वर राणीच्या मूर्तीकडे बघत मला म्हणाले, “त्या दुसऱ्या बायकोपासून त्याला अगदी शेवटी एक मुलगी झाली. तिचं नाव काय ठेवलं माहितेय? हिचंच.”

मी म्हटलं, दुसऱ्या बायकोला काय वाटलं असेल.

“तिचं मला माहीत नाही,” ते म्हणाले. “पण म्हणजे घरात ते नाव रोज निघत असणार. ये, जेव, पडशील. तोही घेत असेल.”

मग त्यांनी हाक मारली. पहिल्यांदा इतकी हळू की पलीकडे पोचलीच नसेल. नवऱ्याचा हात थर्मासवर तसाच राहिला. ते नाव वडिलांच्या तोंडून त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. सासरे उठून उभे राहिले आणि पुन्हा मारली, मोठ्याने, अख्खं नाव, कुठे न अडखळता.

मोठ्यांनी हाक मारली की ‘व्हॉट’ म्हणायचं नाही, ‘ओ’ म्हणायचं, असं मी मुलीला शिकवलं होतं. दगडाच्या मागून ‘ओ’ आली. सासऱ्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मुलगी धावत वळसा घालून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“आजोबा, तुम्हाला माझा नाव येतो?”

“येतं,” ते म्हणाले. “मीच ठेवलंय ते.”