उठायला शिकवणारा माणूस

माझे बाबा सरकारी कचेरीत नोकरी करायचे आणि संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवायचे. नोकरीबद्दल कुणी विचारलं तर एका वाक्यात आटपायचे. खो-खोबद्दल विचारलं, की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "चहा टाकते. आता हे लवकर थांबत नाहीत."

ते साताऱ्याकडून नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथलेच झाले. ऑफिस सुटलं की थेट पहाडगंजातलं मैदान. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक मुली हिंदी बोलणाऱ्या होत्या, आणि बाबांची हिंदी शेवटपर्यंत मराठीच राहिली. "मागे मत बघो, मागे बघितलं तो पाय अडकता है," असं ते सांगायचे आणि मुलींना ते बरोबर कळायचं. त्यांच्या पाठीमागे मुली त्यांची नक्कल करायच्या. ते त्यांना माहीत होतं.

आई बँकेत होती. तिची बस सकाळी लवकर असायची, म्हणून लहानपणी माझ्या वेण्या बाबाच घालायचे. इतक्या घट्ट, की शाळा सुटेपर्यंत केस हलायचा नाही. मी मात्र कधी खो-खो खेळले नाही. धावायचा मला कंटाळा होता, आणि ते त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. मी चित्रं काढायला लागले तेव्हा माझ्याबरोबर दुकानात येऊन दुकानदाराला विचारायचे, "यातला चांगला ब्रश कसा ओळखायचा?"

मी कॉलेजात असताना त्यांचा संघ पहिल्यांदा एका मोठ्या स्पर्धेसाठी निवडला गेला. कप्तान मुलीचे वडील दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात होते. ती इथे मामाकडे राहून शिकत होती. कमी बोलणारी, एक गुडघा दुखरा, पण धावायला लागली की समोरच्याला गोंधळात टाकणारी. बाबा तिच्याबद्दल आईला असं सांगायचे, जसं इतर बाप आपल्या पोरीच्या मार्कांबद्दल सांगतात.

निघायच्या दिवशी सकाळी बाबांची बॅग दारात होती. आई डब्यात धपाटे भरत होती. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावले, तर आई ओट्याला टेकून खाली बसलेली. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून शब्दच नीट निघेना. उजवा हात नुसता लोंबत होता. बाबांनी तिला अलगद उचललं आणि मला म्हणाले, "शेजारच्यांना गाडी काढायला सांग."

अर्धांगवायूचा झटका होता. हॉस्पिटलात आईला आत नेल्यावर बाबांनी कप्तानला फोन केला. मुली स्टेशनवर थांबल्या होत्या. तिचा आवाज मला फोनबाहेरही ऐकू येत होता.

"सर, आप नहीं आएँगे तो हम भी नहीं जाएँगे."

"जाना है," बाबा म्हणाले. "मॅनेजर मॅडम साथ में है. मैंने जो सिखाया वो तुम्हारे पास है, मेरे पास थोडी है? चलो, गाडी चुकवू नका." शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून सरळ मराठीतच आलं. फोन ठेवून ते बाकावर बसले आणि आईची चप्पल हातात धरून राहिले. ती त्यांनी कधी उचलून आणली होती, मला कळलंच नव्हतं.

मुली उपांत्य सामन्यात हरल्या. परतल्यावर कप्तान स्टेशनवरून सामानासकट हॉस्पिटलात आली. बाबांनी तिला सामन्याचं काही विचारलं नाही. "गुडघा कैसा है?" एवढंच म्हणाले. तिने मान हलवली, आईच्या कॉटशेजारी बसली आणि आईचे पाय चेपायला लागली.

आई घरी आली ती चिडलेली. आयुष्यभर सगळ्यांचं करणारी बाई, तिला पाण्याचा पेलाही दुसऱ्याने द्यावा हे सहन होईना. व्यायाम शिकवायला एक तरुण डॉक्टरीण यायची, तिच्यासमोर आई डोळे मिटून पडून राहायची. बाबांनी मुलींचा सराव कप्तानवर सोपवला होता आणि संध्याकाळी ते आईजवळच असायचे.

एकदा मी चहा घेऊन खोलीत गेले, तर आई खुर्चीत बसलेली आणि बाबा तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे, खो-खोत खेळाडू बसतात तसे. "हे बघ," ते तिला सांगत होते, "आमच्यात नवीन पोरगी आली की तिला धावायला शिकवत नाहीत. आधी उठायला शिकवतात. अंग पुढे, वजन पायावर, मग उठायचं. धावणं नंतरचं." त्यांनी उठून दाखवलं. गुडघ्यांचा आवाज झाला. मग ते आईच्या मागे गेले, तिच्या पाठीवर हात टेकवला आणि हळूच म्हणाले, "खो."

आईला हसू आलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण हसली. उठता मात्र आलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा रोज संध्याकाळी पाठीवर हात ठेवायचे, रोज तोच शब्द. ती रागावली की म्हणायचे, "बरं, राहू दे. दम घे." मैदानावरही ते असंच म्हणायचे. आणि एका संध्याकाळी, बाबांचा हात पाठीला लागायच्या आधीच आई उठून उभी राहिली. बाबांनी तिला धरलं नाही. ते नुसते जवळ उभे होते, हात तयार ठेवून.

पुढे आई काठी घेऊन चालायला लागली. बोलणंही बरंचसं परत आलं. थंडीच्या दिवसांत बाबा तिला मैदानावर न्यायचे. उन्हात खुर्ची टाकून ती बसायची आणि मुली तिला "आंटी, मूँगफली खाओ" म्हणत घेरायच्या. अशी काही वर्षं चांगली गेली.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. छातीत दुखायला लागलं, दोन दिवस हॉस्पिटलात काढले, आणि संपलं. घाटावर इतक्या बायका आलेल्या बघून गुरुजी क्षणभर थांबले. कुणाच्या कडेवर मूल होतं, कुणी ऑफिसच्या कपड्यांतच. सगळ्या त्यांच्या खेळाडू.

तेराव्याला कप्तान आली. ती आता एका शाळेत खेळ शिकवते. जेवण झाल्यावर आईने तिला शेजारी बसवून घेतलं आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "उस दिन... मैं गिरी नहीं होती... सर साथ में आते... तो तुम लोग जीतते?"

हे तिच्या मनात इतकी वर्षं होतं, याची मला कल्पनाही नव्हती.

कप्तान गडबडली नाही. जरा विचार करून म्हणाली, "नहीं आंटी. वो टीम हमसे अच्छी थी. सर ने बाद में वीडियो देखा था. बोले, मैं होता तो भी हारते, बस थोड़ा कम अंतर से."

"सच?"

"बिल्कुल सच. फिर हमसे दो महीने सिर्फ़ खंभे पर पलटना करवाया."

ती गेल्यावर आई खिडकीशी जाऊन बसली. मी भांडी आवरून आले तेव्हा म्हणाली, "हे मला त्यांनी सांगायचं नाही?"

"तू विचारलं होतंस का कधी?"

"नाही," आई म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल म्हणून." मग म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, मला माहीतच आहे."

मी तिच्याजवळ बसले. बाहेर कॉलनीतली मुलं क्रिकेटवरून भांडत होती. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच मला म्हणाली, की तिला भूक लागली आहे.