कागदावरचं ‘नाही साहेब’

टेनेसीच्या तुरुंगात अकरा वर्षं काढल्यावर डेविट टगलला कमी बोलायची सवय लागली होती. पहारेकऱ्याने काही विचारलं की ‘होय साहेब’ किंवा ‘नाही साहेब’. त्यापुढे बोललं की ते उलट उत्तर ठरतं, हे तो पहिल्याच महिन्यात शिकला.

गुन्हा त्याला कबूल होता. घराच्या ओसरीवर त्याने एका बाईला कोकेनची पुडी विकली होती. ओढ्यापलीकडे शाळा होती, सरळ रेषेत हजार फुटांच्या आत. शाळेजवळ विकलं की कायद्याने शिक्षा वाढते, त्यामुळे पुरी पंधरा वर्षं, सूट नाही. मग कायदा बदलला आणि शिक्षा कमी करून मागायची सोय झाली. मार्चमध्ये सुनावणी झाली.

“काही सांगायचंय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही साहेब.”

पश्चात्ताप दिसत नाही, असं लिहून त्यांनी अर्ज फेटाळला.

अपिलाला तीस दिवस होते. वाचनालयात कायद्याची पुस्तकं सांभाळणारा म्हातारा कैदी एझेल याने सुनावणीची छापील प्रत चाळली.

“वा रे वक्ता! काय भाषण ठोकलंस!”

“आता लिहितो ना काका सगळं. त्या बाईला पत्र पाठवलं होतं मी, माफी मागून. नशेपासून नऊ वर्षं लांब आहे...”

“वरचं कोर्ट ही प्रत तेवढीच वाचतं, लेका. तिथं बोलला नाहीस ते आता आत घुसवता येत नाही.”

“मग अपील पाठवू नको?”

“पाठव. गप्प बसणं म्हणजे पश्चात्ताप नसणं नव्हे, एवढ्यावर भांडू. बघू या.”

नोव्हेंबरात उत्तर आलं. खालच्या न्यायाधीशांचा निर्णय कायम. डेविटने बहिणीला, व्हर्लीनला फोन लावला. तिने त्याच्यासाठी मागची खोली रिकामी करून ठेवली होती.

“दादा, काय म्हणाले?”

“नाही म्हणाले. अजून साडेतीन वर्षं.”

मग डेविट बोलायला लागला. ती बाई, ते पत्र, आई गेली तेव्हा अंत्यविधीला जाऊ दिलं नाही तो दिवस. कधी नव्हे ते सलग बोलला.

“मला काय सांगतोस रे हे?” व्हर्लीन रडत म्हणाली. “त्यांना सांगायचं होतंस.”

एकच मिनिट उरलंय, असं फोनमधल्या यंत्राने सांगितलं. ते मिनिट संपेपर्यंत दोघंही नुसती फोन धरून राहिली.