लिफ्टच्या आधी हवा

आमच्या सोसायटीच्या सांडपाण्याच्या प्लांटवर खारीगावातला एक माणूस असतो. टाकीत हवेचे बुडबुडे नीट उठतायत ना, हे तो डोळे बारीक करून बघत राहतो. विचारलं तर "हाय" नाहीतर "न्हाय", एवढंच बोलतो.

परवा वीज गेली. जनरेटरवर एकच काहीतरी चालणार होतं. त्याने लिफ्ट बंद ठेवून टाकीत हवा सोडणारा ब्लोअर लावला.

चेअरमन ओरडले, "अरे, लोक खाली खोळंबलेत!"

"मानसं जिना चढतील, साहेब. हवा न्हाय भेटली तर टाकीतले घान खानारे बारीक जीव मरतील, पानी गाळायचे पडदे चिखलानं बुजतील."

तो पॅनेलसमोरून हलला नाही.

नवव्या मजल्यापर्यंत मी त्याला शिव्या घालत चढलो. दारात धापा टाकत उभा राहिलो, तेव्हा खालून ब्लोअरची घरघर ऐकू आली. टाकीतल्यांचं मजेत चाललं होतं.