मोटेवरचा गळा

चिंचवडच्या गाण्याच्या बाईंनी माझा गळा वाचवला, हे आधी सांगतो. काय झालं ते मागाहून.

सूर चुकला की बाई रागवायच्या नाहीत. तळहात हवेत पालथा धरून हळूहळू खाली आणायच्या, रडतं पोर निजवावं तसा. "सावकाश. कुणी मागं लागलंय का?" तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, घाई म्हणून ठाऊक नसलेली.

मी परभणीकडचा. चौथीत शाळा सुटली आणि मोटेवर गेलो. मोट हाकताना गावं लागतं, नाहीतर बैलांची चाल मोडते. भरली मोट विहिरीच्या काठाशी आली की शेवटच्या ओढीला जोर लागतो. तिथं ओळीच्या टोकाला आरोळी ठोकायची. पुढं पिंपरीला कारखान्यात लागलो, चाळीतल्या भजनात गाऊ लागलो, पण आरोळी सुटेना. घसा बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, "असंच ओरडाल तर गाणं विसरा." परमुलखात माझ्याकडं दुसरं होतं काय? गाण्यामुळंच तर लोक मला नावानं हाक मारत होते.

बाईंकडं सगळ्या परकर-पोलक्यातल्या पोरी. त्यांच्यात मी एकटा मिशीवाला. ओळ संपत आली की माझी मान वर, मुठी आवळलेल्या आणि आरोळी! पोरी फिसकन हसायच्या. "दादा, बैल उधळले!"

"तुम्ही आधी आपला षड्ज सांभाळा," बाई त्यांना म्हणायच्या. मग मला, "पुन्हा. सावकाश."

पावसाळा गेला, थंडी पडली. माझं तेच. दर वेळी वाटायचं, आज बाई म्हणणार, उद्यापासून येऊ नका. शेवटी मीच म्हणालो, "बाई, माझ्यानं व्हईना. राहू द्या आता."

बाईंनी पेटी मिटली. "उठा. मोट कशी हाकता ते दाखवा मला."

लाजत लाजत उठलो. अंगणात बैलांमागं चालल्यासारखा गात गेलो, टोकाला आरोळी दिली, आणि गुमान परत आलो.

"येताना गप्प का?"

"तवा रिकामी मोट खाली जाती, बैल मागं सरतात. आपण दम खायचा."

"म्हणजे दम कुठं घ्यायचा ते येतंय तुम्हाला. आता एवढंच करा. मोट काठाशी आलीच नाही असं समजा. निम्म्यात आहे. आरोळीची वेळ कुठं झालीय?"

पुन्हा चाललो. मोट निम्म्यात. ओळ संपली तरी आवाज सरळ लांबत गेला, बारीक होत होत विरला. मान जागच्या जागी.

"आता बसून," बाई म्हणाल्या. बसल्यावर पुन्हा बिघडलं, पण आता भीती गेली होती. उन्हाळ्यात चाळीत पुरं भजन म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी घसा ठणठणीत.

पुढं यजमानांची बदली झाली आणि बाई मिरजेला गेल्या. त्यांच्या खिडकीत आता दुसऱ्यांचे कपडे वाळतात. बाईंचं स्वतःचं गाणं मी कधी पुरं ऐकलंच नाही. आमचं सुधारता सुधारता त्यांची संध्याकाळ सरायची. म्हणून सध्या पेटी शिकतोय. एक दिवस मिरजेला जाणार, आणि म्हणणार, "बाई, सूर मी धरतो. आज तुम्ही गायचं."