काचेची पेटी सोडून माझी छाती

चाकण रस्त्याला आमचं हरभऱ्याचं रान होतं. त्याच्या शेजारी आता काचेचं हॉस्पिटल उभं आहे. बायकांचा मजला वेगळा, तान्ह्या पोरांचा वेगळा. खाली कॉफीचं दुकान, दारात सलाम ठोकणारा माणूस. आजारपणाला आलोय की लग्नाला, तेच समजत नाही. आमच्या वेळी बाई मागच्या खोलीत बाळंत व्हायची आणि गड्यांना कळायचं ते थाळी वाजल्यावर. आता पोर पोटात असतानाच त्याचा काळा फोटो दाखवतात. मला त्यात नुसते ढग दिसले. तरी छान आहे म्हणालो, नाहीतर शाळा न शिकल्याचं निघतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून लेक वाकडहून माझ्याकडं आली होती. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा माहेर म्हणजे मी एकटाच. आठव्यातच तिचं प्रेशर चढलं, पाय सुजले, आणि घाईनं ऑपरेशन करून पोरगी काढावी लागली. केवढी? माझ्या पायताणात मावली असती. लेक आयसीयूत, नात काचेच्या पेटीत आणि मी मधल्या जिन्यात.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "आजोबा, बाळाचं वजन कमी आहे, अंगात ऊब टिकत नाही."

"मग याच्याहून भारी पेटी आणा."

"पेटीचं काम झालं. श्वास चांगला चाललाय. आता तिला माणसाच्या उघड्या छातीवर धरायचं, कातडीला कातडी लावून. त्यानं ऊब टिकते, वजनही धरतं. आईला अजून काही दिवस जमणार नाही."

एवढी पाच मजली इमारत, एवढी टीं टीं करणारी यंत्रं, आणि शेवटी मागितलं काय, तर छाती!

"बापाला बोलवा," मी म्हणालो.

जावई कंपनीतली शिफ्ट सोडून धावत आला होता, पण नाक गळत होतं. नर्सबाईंनी दारातच शिंक ऐकली आणि हाकलला. तो बाहेरून काचेला कपाळ टेकून उभा. मग बाईंनी माझ्याकडं पाहिलं, बाजारात बैल बघतात तसं.

"आमच्यात गडीमाणसं बारशाच्या आधी लेकराला शिवत न्हाईत," मी आधीच सांगून टाकलं.

"काहून?" बाई मराठवाड्याकडच्या.

"न्हाई शिवत."

"आन् स्वतःची लेक तरी कधी घेतली होती का?"

आमच्या घरात बापासमोर, चुलत्यासमोर स्वतःचं लेकरू उचलणं म्हणजे निर्लज्जपणा. भावाचं खुशाल खांद्यावर नाचवावं, आपलं नाही. वडीलधारी बसलेली असताना शोभतं का? आणि आमच्या ओसरीवरून वडीलधारी कधी उठलीच नाहीत. तोवर लेक पळायला लागली होती.

"बरं," बाई म्हणाल्या. "राहू द्या पेटीत. पेटीला लाज नसती."

लागलं मला ते. तडक घरी गेलो. नातीला पहिल्यांदा भेटायचं म्हणून कडक इस्त्रीची कापडं घातली, कानात अत्तराचा फाया ठेवला, गळ्यात सोन्याची साखळी. परत आलो तर बाईंनी नाकच दाबलं.

"बाबा, वरात कुठंय? बाळाला वास सहन व्हत नाही. जा, साबण लावून छाती धुवा. साखळी काढा. तंबाखू खाल्ली का?"

"सकाळपासून न्हाई."

"तोंड उघडा."

ग्रामपंचायतीत माझ्यापुढं कुणी तोंड उघडत नव्हतं. इथं मलाच उघडावं लागलं.

धुऊन-पुसून, उघडा करून मला मागं कलत्या खुर्चीत बसवलं. "हालू नका."

"बाई, म्या म्हशीची पारडी उचलल्यात."

"ही म्हैस न्हाई."

टोपी आणि लंगोट एवढ्यावर पोरगी छातीवर ठेवली, वायरींसकट. जरा कुरकुरली आणि यंत्र ओरडायला लागलं. वाटलं, गेलं! पारड्यांची फुशारकी अंगाशी आली!

बाईंनी पोरीची मान जरा सरळ केली. "श्वास कोंडून काहून बसलात, बाबा? सोडा. तिला तुमच्या छातीची हालचाल लागू द्या."

सोडला. हळूहळू यंत्र गप्प झालं. पोरीनं मूठ माझ्या पांढऱ्या केसांत रुतवली आणि झोपली. थोड्या वेळानं बाईंनी तिच्या पायाला हात लावला. "गरम झाले बघा." मान हलवायची सोय नव्हती, म्हणून मी नुसतं हूं केलं. पायाला मुंग्या आल्या, नाक खाजलं, पण हाललो नाही.

मग रोजच जायला लागलो, बिनअत्तराचा. वजन धरायला लागलं, तशी डॉक्टरीणबाईंनी शाबासकी दिली ती पोरीला. मला कुणी काही म्हणालं नाही. या छातीचं भाडं बिलातून वजा करा म्हणालो, तर हसल्या.

एक दिवस लेकीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. चेहरा उतरलेला, पण नजर पोरीवरून हलेना.

"आबा, द्या."

"आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"आबा."

दिली. काय करणार? लेकीनं कुणी न शिकवता अशी कुशीत ओढली की पोरगी जागीसुद्धा झाली नाही. माझ्या छातीला एकदम गार लागलं. सदरा घालत मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

"आता आई आहे ना, आजोबा. तुम्ही आराम करा."

"अन् आईनं जेवायचं कधी?"

डॉक्टरीणबाईंनी लेकीकडं पाहिलं. लेक पोरीची टोपी सारखी करत म्हणाली, "माझं जेवण लई सावकाश चालतं, डॉक्टर."