आवड आणि ओढ

आमच्या दिंद्रुड गावात टीव्हीची केबल नवीन आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकला जेवायला फुरसत नसायची. कानामागे टेस्टर खोचलेला. सेट उघडण्याआधी तो त्यावर टिचकी मारून कान लावून ऐकायचा. बोलताना वाक्यामागे "हाय का न्हाई?" म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचा.

एके दिवशी मात्र तो उत्तरासाठी थांबला. "मास्तर, तुमी मराठी शिकवता. आवड आन ओढ एकच हाय का न्हाई?"

"का हो, काय झालं?"

त्याची बायको बरेच दिवस धर्मापुरीला माहेरी होती. तिनं भावाजवळ निरोप धाडला होता, "तुमी आवडता, पण तुमची ओढ वाटत न्हाई."

मी म्हणालो, "आवडतं माणूस समोर असलं की बरं वाटतं. ओढ असली की ते नसताना चैन पडत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो धर्मापुरीला गेला. संध्याकाळी एकटाच परतला आणि सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"लई हसली, बोलली. माझ्या आवडीचं कालवण केलं. पण निघालो, तर दारापोत्तर आली न्हाई. तुमचं पटलं."

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"पण मास्तर, म्या बी वळून बघितलं न्हाई. यष्टीत तर बरंच वाटलं. मंग उतरल्यापून घराकडं पाय कावून उचलंना?"

मी आत जाऊन आणखी एक ताट वाढायला सांगितलं.